फळ्यावरचा समुद्र

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, तेही धड नाही. ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडायची. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे मला अजून कळत नाही. ओळ सरळ धरायला जाते आणि ती शेवटाला खाली उतरते. ही वही धाकट्या लेकीची. तिची तिसरीची परीक्षा झाली, मागची पानं कोरी उरली, ती मी मागून घेतली. कुणाला दाखवायची नाहीत. तरी माफी मागते, कारण माझ्या हातचं लिहिलेलं खरं मानून एका बाईचं एकदा बियाणं मातीत गेलं आहे.

पुन्हा मिरगाचे दिवस आलेत. ढग दुपारून येतात, जरा टेकतात आणि निघून जातात. वाळत घातलेल्या शेवया उचलाव्या का ठेवाव्या, एवढाच घोर लावून जातात. सोसायटीच्या भिंतीवरचा फळा काल खाली उतरवला. दर वर्षी या दिवसांत त्याला काळा करतात. रेडिओचे संपलेले सेल दगडानं फोडायचे, आतली काळी भुकटी कुटायची, त्यात वेलाच्या पानांचा रस घालायचा आणि फडक्यानं फळ्याला चोळायची. काल तो वास ओसरीपर्यंत आला. मी पीठ मळत होते, हात पिठात तसाच राहिला. तेरा-चौदा वर्षं झाली, तो वास आला की दर वेळी असंच होतं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. पण मिरगाला कुणाला ठाऊक होतं की हे दुष्काळाचं साल आहे? सालाला नाव मागून पडतं. तेव्हा ते नुसतं साल होतं. बाभळीखाली शेळ्या होत्या, लोहाऱ्याची एसटी धूळ उडवत यायची, आणि लोक वर बघत होते.

मी लग्न होऊन आले त्याला तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा सोसायटीचे चेअरमन. सोसायटीला स्वतःची खोली नव्हती, म्हणून आमच्या घराची पुढची खोली हेच हापीस. बियाण्याच्या थैल्या, खताची पोती, एक टेबल, आणि त्यावर भरतकामाचं झाकण घातलेला रेडिओ. रेडिओ सोसायटीचा, सेलही सोसायटीचे. सेक्रेटरी लोहाऱ्याहून आठवड्यातून एकदा यायचा. मामांना सही तेवढी येत होती, सासूबाईंना तीही नाही, आणि आमचे मालक पहाटेच रानात जायचे. मग सकाळच्या बातम्या ऐकून हवामान फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडं आलं.

मला माणसांची फार भीती वाटायची. अजूनही वाटते, पण तेव्हा ती अंगभर होती. फळा रस्त्याकडच्या भिंतीला. मी पदर नाकापर्यंत ओढून जायची, भिंतीकडं तोंड करून लिहायची आणि पळत आत यायची. मग दाराआड उभी राहून ऐकायची, लोक काय वाचतात ते.

रेडिओवरची बाई आधी समुद्राचं सांगायची. नैऋत्येकडून जोराचे वारे वाहतील, लाटा उंच उसळतील, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मग कोकण, मग घाट, आणि सगळ्यात शेवटी मराठवाडा. मराठवाड्याला एकच वाक्य मिळायचं, तेही बहुतेक कोरडं. समुद्राचं ते सगळं मला इतकं आवडायचं की गाळवत नसे. मी ते वर, मोठ्या अक्षरांत लिहायची. आपलं मराठवाड्याचं खाली, उरलेल्या जागेत.

आमच्या गावात समुद्र कुणी पाहिला नव्हता. दोघं-तिघं मुंबईला होते, पण त्यांची मुंबई गिरणीतून खोलीत आणि खोलीतून गिरणीत. मी समुद्र मनात ज्वारीसारखा धरला होता. पोटरीला आलेलं, कणसं धरू लागलेलं रान वाऱ्यानं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाकत जातं, तसा.

फळा मोठ्यानं वाचायचे हुसेनभाई. त्यांची बैलं आणि तिफण पेरणीला भाड्यानं जायची. ते निजामाच्या वेळचे, उर्दूत शिकलेले, पण मराठी फळ्यालाही त्यांचाच आवाज शोभायचा.

"समुद्र खवळलेला!" ते म्हणायचे. "मच्छीमारांनी जाऊ नये! ऐकलं का रे? आज कुणी होड्या काढू नका."

"कुठं काढता भाई? वढ्यात चिखल बी न्हाय."

"चिखल नसंना का. हुकूम म्हंजे हुकूम."

मग सगळे हसायचे आणि रानात जायचे. मी दाराआड हसायची. रोजचं होतं ते. आमच्या गावात सकाळची सुरुवात समुद्रापासून व्हायची.

बौद्धवाड्यातल्या भागाबाई मात्र हसायच्या नाहीत. आम्ही त्यांना भागाकाकू म्हणतो. त्यांचा नवरा सोलापूरला गिरणीत कामाला, दोन एकर रान त्या एकट्याच करायच्या. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरीचं फडकं. फळ्यासमोर थांबायच्या आणि वाचता येत नाही म्हणून दाराकडं बघून विचारायच्या, "सूनबाई, आज दर्या काय म्हणतोय?"

दाराआडून मी सांगायची, "खवळलाय म्हणं, काकू."

"कुणावर गं?"

याचं उत्तर बातम्यांत नसायचं. त्या जराशा थांबायच्या, खरंच कुणी सांगेल म्हणून, आणि निघायच्या. एकदा म्हणाल्या, "एवढं पाणी असून बी खवळतोय. आपली हीर बघ, तळाला गेली तरी गप हाय."

गावात माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि मी त्यांच्याशीच असं वागले.

आता सेलचं लिहिते. ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी सगळे रानात गेले आणि सासूबाईंचा डोळा लागला की मी पुढच्या खोलीत जायची. झाकण बाजूला करायची, आवाज अगदी बारीक ठेवायची आणि कान रेडिओला लावून गाणी ऐकायची. खताच्या पोत्याला टेकून. त्या वासात, त्या उकाड्यात. कोण बाई कुठं गात असेल, आणि ती इथं माझ्या कानात. तेवढा अर्धा तास मी कुणाची सून नव्हते. सेल नागपंचमीपर्यंत पुरवायचे, असं मामांनी सेक्रेटरीला सांगितलेलं मी ऐकलं होतं. तरी मी ऐकत राहिले. आवाज बारीक झाला की सेल काढून उन्हात ठेवायची. उन्हानं ते थोडे जागे होतात. मला वाटायचं, तेवढ्यानं भरून निघतं.

त्या सकाळी मामा लोहाऱ्याला मीटिंगला गेले होते. मी खडू घेऊन बसले. समुद्राचं सगळं ऐकू आलं. वारे, लाटा, मच्छीमार. कोकणही आलं, थोडं तुटक. मग त्या बाईचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा खाली खाली गेला. "मराठवाड्यात" एवढं आलं. मग खरखर. मग तीही नाही.

मी सेल काढले, उंबऱ्यावर ऊन आलं होतं तिथं ठेवले, पुन्हा घातले. काही नाही. बाहेर खाकरल्याचा आवाज आला. माणसं जमायला लागली होती.

मी फळ्याजवळ गेले. समुद्राचं लिहिलं. खाली जागा उरली, तिच्याकडं बघत राहिले. रिकामी जागा दिसली की कुणीतरी विचारणार, मराठवाड्याचं काय. मग रेडिओ बंद का पडला, मग सेल एवढ्यात कसे संपले. आणि माझ्या ध्यानात होतं, आधीच्या वर्षी दोनदा असं झालं होतं. समुद्र खवळला आणि दोन-तीन दिवसांत आमच्याकडं पाऊस आला. म्हणजे मी अगदीच मनाचं लिहीत नव्हते, असं मी मला सांगितलं. खडू उचलला आणि लिहिलं, मराठवाड्यात दोन दिवसांत चांगला पाऊस.

पाच शब्द. त्या दिवशी ओळ सरळ आली होती. ते मला अजून आठवतं.

हुसेनभाईंनी वाचलं. कुणीतरी टोपी उडवली. म्हातारी माणसं म्हणाली, येऊ द्या, मग बघू. आमच्याकडं जमिनीत चार बोटं ओल गेल्याशिवाय शहाणा माणूस तिफण धरत नाही. ते कुणी फळा वाचून ठरवत नाही. पण भागाकाकूंना हुसेनभाईंची तिफण त्याच दिवशी मोकळी मिळत होती. दुसऱ्या दिवसापासून ती पंधरा दिवस दुसऱ्या गावाला ठरलेली.

"भागाबाई, चार बोटं ओल होऊ द्या की," हुसेनभाई म्हणाले.

"तुमची तिफण थांबती का चार बोटांसाठी?"

"ते मात्र खरं."

मग त्या दाराकडं वळल्या. "सूनबाई, पक्कं हाय का गं? शेळी इकून थैली घेतलीया म्या. कोरड्यात पेरू का थांबू?"

दाराची फळी माझ्या कपाळाला लागली होती. तिचा गारवा मला आता लिहितानाही लागतो. एवढंच म्हणायचं होतं, काकू, मराठवाड्याचं मला ऐकू आलं नाही. पण त्या वाक्याच्या मागं दुसरं वाक्य उभं होतं, आणि अंगणात पाच-सहा बाप्ये माणसं.

मी म्हणाले, "व्हय."

दिवसभर मी घरातून बाहेर पडले नाही. दुपारी अंगणातून कुणाची तरी पावलं गेली. रांजणाजवळ थांबली, पुढं गेली. मी चुलीपुढून उठले नाही.

पाऊस आला, हे सगळ्यात वाईट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंतोडे आले, अर्धी घटका. मातीचा वास सुटला, शेळ्या आडोशाला पळाल्या, आणि मी अंगणात उभी राहून भिजले. गावात सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असेल. माझं खोटं खरं झालं होतं. आठवड्यानं पाणी आणायच्या निमित्तानं मी त्यांच्या रानावरून गेले. ओळीनं कोंब आलेले. हिरवे पण नाहीत अजून, पिवळट. आजूबाजूच्या काळ्या रानात तेवढ्याच दोन एकरांत काही उगवलेलं. मला वाटलं, बघा, सगळे थांबले आणि एकट्या काकू पुढं गेल्या. माझ्यामुळं.

मग पाऊस आलाच नाही. वारा मात्र रोज. कोंब आधी मान टाकतात, मग टोकाला जळतात, मग नुसती काडी राहते आणि तीही वाऱ्यानं जाते. शिंतोडे आले नसते तर बी मातीत कोरडं पडून राहिलं असतं, थोडं तरी वाचलं असतं. तेवढ्या पावसानं त्याला उठवलं आणि मारलं.

मला कुणी बोललं नाही. कोण बोलणार? सगळे रेडिओला हसले.

"त्यो बसलाय मुंबईत," हुसेनभाई म्हणाले. "त्याला काय आपली जमीन ठावकी?"

मामा म्हणाले, "सूनबाई, पावसाचं लिहू नका आता फळ्यावर. खताचा भाव तेवढा लिहा." सेल लवकर संपल्याचं त्यांना नवल वाटलं. दुकानदारानं जुना माल दिला असेल, असं ते म्हणाले आणि दुकानदाराशी भांडून आले. मी चहा करून दिला. ते सेल फोडून फळा काळा केला. त्या काळ्यावर मी खताचे भाव लिहिले.

आणि भागाकाकू? त्या महिनाभर फळ्यासमोर थांबल्या नाहीत. मग एक दिवस थांबल्या आणि म्हणाल्या, "दर्याचं का लिहीत न्हाईस गं? त्यानं काय केलंय?"

हिवाळ्यात अख्खं गाव खडी फोडायला गेलं. सास्तूरच्या रस्त्याला दुष्काळी काम निघालं होतं. चेअरमनची सून आणि बौद्धवाड्यातली बाई तिथं एकाच ओळीत बसल्या. दुष्काळानं तेवढं केलं. तोंडाला फडकं, डाव्या हाताला रबराची कडी, त्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी. दुपारी खायला सुकडी मिळायची. माझा ढीग आणि काकूंचा ढीग शेजारी. त्या पाणी प्यायला उठल्या की मी माझ्या ढिगातली खडी ओंजळीनं त्यांच्या ढिगावर सारायची. रोज पाच-सहा ओंजळी. मोजणीला त्यांचा ढीग थोडा जास्त भरायचा, माझा थोडा कमी. मला वाटायचं, फिटतंय. हाताला फोड आले की बरं वाटायचं. पण खडी ती खडी. तिला काही बोलता येत नाही.

नंतर पाऊसपाणी झालं. मला तीन लेकरं झाली. मामा गेले. त्यांना सेलचं सांगायचं राहून गेलं. त्या दुकानदाराकडं ते पुन्हा कधी गेले नाहीत. सोसायटीला खोली झाली, दूधसंस्था निघाली, बायका सभासद झाल्या. काकूंचे केस पांढरे झाले. दर मिरगाला मी ठरवायची, यंदा सांगायचं. आणि दर मिरगाला पेरणीची घाई आडवी यायची. घाई नसती तर दुसरं काही आलं असतं.

दोन वर्षांमागं, उन्हाळ्याच्या शेवटाला, सोसायटीनं बायकांची सहल काढली. कोकणात बायकांनी काथ्याची सोसायटी चालवली आहे, ती बघायची आणि येताना समुद्र. पूर्ण एसटी ठरवली होती. भागाकाकू माझ्या पुढच्या सीटवर, खिडकीशी. घाट उतरेपर्यंत त्यांनी खिडकी सोडली नाही.

देवळासमोरच किनारा. लोकांची ही गर्दी. शहाळीवाले, फोटोवाले, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेले बाप्ये, चप्पल हातात धरलेल्या नवऱ्या मुली. आणि त्याच्यामागं तो. मी ज्वारीचं रान धरलं होतं, ते एकाच बाबतीत खरं निघालं, वाकण्यात. पण ज्वारी अशी ओरडत नाही. आमच्या बायकांनी हाताला हात धरून ओळ केली, लुगडी खोचली आणि किंचाळत पाण्यात गेल्या. काकू सगळ्यांच्या पुढं.

मी गेले नाही. वाळूत एक खांब रोवला होता आणि खांबाला फळा होता. खडूनं लिहिलेलं. आज समुद्र खवळलेला आहे. लाटा मोठ्या. दुपारी भरती. उजव्या खडकाजवळ ओढ आहे, तिथं उतरू नये. अक्षर माझ्यापेक्षा वाईट, आणि ओळी शेवटाला खाली उतरलेल्या.

शेजारी एक म्हातारा शहाळी सोलत होता. बोटांना खडू लागलेला. परक्या बाप्याशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तुम्ही लिहिता?"

"मीच. पंचायतीनं काम दिलंय." तो कोयता न थांबवता म्हणाला. "सकाळी रेडिओ ऐकायचा, मग हितं येऊन बघायचा. रेडिओ अख्ख्या समुद्राचा सांगतो. मला एवढ्याच किनाऱ्याचा सांगायचा असतो."

"बघून कसं कळतं?"

"सात-आठ लाटा बारीक येतात, मग तीन मोठ्या. लोक बारीक बघून आत जातात." त्यानं कोयत्यानं खडकाकडं दाखवलं. "आणि तो बघा पट्टा. लाट फुटत नाय, पाणी गुळगुळीत. लोकांना वाटतं, ही जागा बरी. तिथंच ओढ. आतून ओढून नेतो."

मी त्या गुळगुळीत पाण्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "रेडिओ बंद पडला, आणि बघून पण कळलं नाही, तर?"

"तर तसा लिवतो. आज समजला नाय."

"असं लिहिता? फळ्यावर?"

"मग काय लिवू?" त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "लोक पाण्यात उतरतात, बाई."

बारा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी खोटं लिहावं की खरं सांगून बोलणी खावीत, एवढ्या दोनच वाटा मला दिसल्या होत्या. आज समजलं नाही, ही इतकी साधी ओळ. तीही तेवढ्याच जागेत मावली असती.

काकू वर आल्या, गुडघ्यापर्यंत ओल्या, पोरीसारख्या हसत. वाळूत बसल्या. "अगं, ह्यो कुणावर खवळलाय ते कळलं मला. कुणावरच न्हाय. ह्येची बोलायची रीतच तसली हाय."

आणि मी सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या. गाण्यांपासून. सेल, उंबऱ्यावरचं ऊन, पाच शब्द, ते व्हय. बोलताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पायाखालच्या वाळूकडं बघितलं.

त्यांनी लुगड्याचा ओला काठ पिळला. मग म्हणाल्या, "दुपारी म्या तुझ्या दारात पाणी प्याले होते. रांजणाचं. तवर एकच एकर पेरून झालं हुतं."

मला कळलं, ती पावलं कुणाची होती.

"दुपारी सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर अर्धी थैली वाचली असती."

त्या उठल्या आणि दुसऱ्या बायकांत जाऊन बसल्या. परतीच्या सगळ्या वाटेत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी समजून होते. मला त्याचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. इतकी वर्षं त्या माझ्याशी चांगलं वागत होत्या, तेच मला सोसत नव्हतं.

आठ दिवसांनी त्या आमच्या अंगणात आल्या. दर्याचं विचारलं नाही.

"पैसे दे."

मी बाहेर आले.

"थैलीचे छत्तीस, तिफणीचे बारा. अठ्ठेचाळीस झाले."

"काकू, आता थैलीला लई पडतात. मी आजच्या भावानं..."

"माझं बी त्या सालचं होतं. त्या सालचेच पैसे दे. शेळीचं सोड, ती म्हातारीच हुती."

मी डबा आणायला वळले. दूधसंस्थेचे पैसे होते माझ्याकडं, एकदम देता आले असते. त्यांनी थांबवलं. "एकदम न्हाय. म्हैन्याला दोन रुपये. आणि माझ्या घरी आणून द्यायचे. तू. लेकरांच्या हाती न्हाय."

"का, काकू?"

"दाराआड लई राहिलीस." त्या निघाल्या, आणि फाटकातून मागं वळल्या. "आणि ती खडी वजा करायची न्हाय. मला वाटायचं, चेअरमनच्या सुनंला आपला ढीग कुठला आणि दुसऱ्याचा कुठला, ते बी कळंना."

पहिल्या महिन्याला मी गेले ते गावानं बघितलं. बौद्धवाडा आमच्या घरापासून दोनशे पावलं असेल. पंधरा वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. हेही माझ्या नावावर लिहायला हवं. ते रेडिओमुळं झालेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं काय काम निघालं तुझं?" मी म्हणाले, "देणं आहे." काकूंच्या उंबऱ्यापाशी जाऊन मी हात पुढं केला.

"आत ये," त्या म्हणाल्या. "तिथं उभी राहून दिलेले पैसे म्या मोजायची न्हाय."

मी आत गेले. त्यांनी पाणी दिलं, मग चहा. चहात साखर फार होती. त्यांनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक आडवी रेघ ओढली आणि दोन रुपये पदराच्या गाठीत बांधले. पुढच्या महिन्याला दुसरी रेघ. पावसाळ्यात, सुगीत, थंडीत, उन्हाळ्यात. कधी त्या बोलायच्या, कधी नुसत्या ज्वारी निवडत बसायच्या आणि मीही हात लावायची. एकदा म्हणाल्या, त्या कोंबांच्या वेळी त्यांनी सोलापूरला निरोप धाडला होता, पीक लई झ्याक आलंय, सुगीला ये म्हणून. मी मान खाली घातली. "ऐकून ठेव," त्या म्हणाल्या. "दोन रुपयांत सगळं येत न्हाय."

येत नाही. ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर लिहिते आहे.

आज सकाळी चोविसाव्या वेळी गेले. वाटेत सोसायटीच्या भिंतीशी फळा वाळत ठेवलेला, काळाभोर, अजून कोरा. काकू उंबऱ्यात बसून बियाण्यातले खडे काढत होत्या. मला बघून सरकल्या. आणि कितीतरी वर्षांनी विचारलं, "आज दर्या काय म्हणतोय?"

"ठाऊक न्हाय, काकू. आज ऐकलं न्हाय मी."

"आणि पाऊस?"

मी आभाळाकडं बघितलं. ढग होते, पण कसले ते सांगता येत नव्हतं. "ते बी ठाऊक न्हाय."

त्यांनी हातातलं सूप थांबवलं. माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. "येतंय की सांगता."

मी दोन रुपये दिले. त्यांनी ते मोजले, दोनच होते तरी मोजले, आणि गाठीत बांधले. मग चुलीतला विझलेला कोळसा उचलून माझ्या हातात दिला. "आजची तू वढ."

भिंतीवर तेवीस रेघा होत्या, एकीखाली एक. मी चोविसावी ओढली. शेवटाला ती जराशी खाली उतरली. अठ्ठेचाळीस रुपये पुरे फिटले.